पांढऱ्या कड्यांच्या पायथ्याशी सायकल: डोव्हर नको, थॅनेटला जा

प्रश्न थोडक्यात असा. कुटुंब लंडनजवळ स्लावमध्ये राहतं. मेच्या अखेरीस साताऱ्याहून सासरे येणार आहेत. त्यांचं वय ६६, सायकलची सवय जुनी, पण गुडघे आता कुरकुरतात. मुलगी ११ वर्षांची आहे. इंग्लंडच्या त्या प्रसिद्ध पांढऱ्या कड्यांच्या काठाने, मोटारींचा त्रास नसलेल्या वाटेवर, दोन-तीन दिवस रमतगमत सायकल चालवायची आहे. डोव्हरला जावं का?

डोव्हरला कडे बघायला जरूर जा, पण सायकल घेऊन जाऊ नका. तुम्हाला हवं आहे ते डोव्हरपासून थोडं उत्तरेला, केंटच्या टोकाशी असलेल्या थॅनेटच्या किनाऱ्यावर मिळेल. मी बरीच वर्षं या भागात सायकलींचे गट नेतो आणि त्यात आजी-आजोबा आणि शाळकरी मुलं नेहमी असतात. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो, कारण नकाशावरची ‘किनाऱ्याची सायकलवाट’ बघून गेलेली माणसं ऐन चढावर सायकल ढकलत असलेली मी फार पाहिली आहेत.

आधी एक गोष्ट समजून घ्या, मग बाकीचं नियोजन आपोआप सुचेल. हे कडे खडूच्या दगडाचे आहेत. सुमारे ८ ते ९ कोटी वर्षांपूर्वी उबदार समुद्राच्या तळाशी अतिसूक्ष्म शैवालांची कवचं साचत गेली, त्यांचा हा थर. दगड मऊ आणि सच्छिद्र. लाटा पायथा पोखरतात, पाणी आत मुरतं, थंडीत गोठून फुगतं आणि वरचा भाग सरळ खाली येतो. म्हणून कडा भिंतीसारखा उभा दिसतो आणि म्हणूनच तो दर वर्षी थोडा मागे सरकतो. अशा कड्याच्या माथ्यावर काठालगत सायकलची पक्की वाट कुणी बांधत नाही. बांधली तरी ती काही वर्षांत समुद्रात जाईल. माथ्यावर असते ती पाऊलवाट, आणि तिथे सायकलला मनाई असते. डोव्हर आणि सेव्हन सिस्टर्स (ससेक्सच्या किनाऱ्यावरचे असेच खडूचे कडे) इथे हेच चित्र आहे. डोव्हरच्या आसपासच्या राष्ट्रीय सायकलमार्गावर सलग अशी मोटारमुक्त वाट नाही. कधी गावातला रस्ता, कधी अरुंद ग्रामीण गल्ली, आणि चढ तर असे की ६६ वर्षांच्या गुडघ्यांना ते सोसणार नाहीत.

मोटारमुक्त वाट दोनच ठिकाणी सापडते. एक, जिथे धूप थांबवण्यासाठी कड्याच्या पायथ्याशी समुद्राचा बंधारा घातला आहे. त्या बंधाऱ्याचा माथा म्हणजे सपाट, रुंद, काँक्रीटची वाट, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला कडा. दोन, जिथे जुना लोहमार्ग बंद पडून त्याची वाट झाली आहे. कोकणात आपण धूपप्रतिबंधक बंधारा म्हणतो तेच काम इथे आहे, फक्त आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मोठाले दगड टाकतात, तिथे इथे सलग भिंत आणि वर फिरायला जागा. थॅनेटमध्ये हा बंधारा गावागावांच्या खालून मैलोन् मैल जातो. कडे डोव्हरइतके उंच नाहीत. डोव्हरचे शंभर मीटरच्या वर जातात, इथले बरेच ठेंगणे. पण डोव्हरला तुम्ही कड्यावर उभे असता, म्हणजे कडा दिसतच नाही. इथे तो हाताच्या अंतरावर असतो.

आता मार्ग. या किनाऱ्याला वळसा घालणाऱ्या वाटेचं नाव व्हायकिंग कोस्टल ट्रेल, एकूण सुमारे ५० किलोमीटर. त्यातला अर्धा भाग आतल्या शेतांतून आणि खेड्यांतून जातो. तो तुम्ही सोडून द्या. तुमच्यासाठी मी पश्चिमेकडून जोडून असा मार्ग सांगेन: व्हिट्स्टेबल, हर्न बे, रिकल्व्हर, मिनिस बे, मार्गेट, ब्रॉडस्टेअर्स, रॅम्सगेट. वारा इथे बहुधा नैर्ऋत्येकडून असतो, त्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलात की तो पाठीशी राहतो. वसंतात कधी कधी ईशान्येचा बोचरा वारा सुटतो. तसा अंदाज असेल तर खुशाल उलट्या दिशेने या. दोन्ही टोकांना रेल्वे स्थानक आहे, त्यामुळे दिशा आदल्या रात्री ठरवली तरी चालते.

आणि रेल्वे हाच या किनाऱ्याचा मोठा फायदा. व्हिट्स्टेबल, हर्न बे, बर्चिंग्टन, वेस्टगेट, मार्गेट, ब्रॉडस्टेअर्स, रॅम्सगेट, सगळीकडे स्थानकं आहेत. सासऱ्यांचा गुडघा दुखला, मुलगी कंटाळली, आभाळ भरून आलं, तर पुढच्या स्थानकावर गाडीत बसायचं. दोन स्थानकांमधलं एकच अंतर लांब आहे, ते हर्न बे ते बर्चिंग्टन. त्याबद्दल पुढे लिहितो. सायकली गाडीत न्यायला वेगळं तिकीट लागत नाही, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी लंडनकडे येणाऱ्या आणि संध्याकाळी लंडनहून निघणाऱ्या गर्दीच्या गाड्यांत घडीची सायकल सोडून दुसरी घेत नाहीत. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाहून सुटणाऱ्या जलद गाड्यांत सायकलींना जागा फार कमी असते. चार सायकली असतील तर लंडनच्याच व्हिक्टोरिया स्थानकाहून जाणारी साधी गाडी बरी.

पहिल्या दिवसाला एक पर्याय आहे, आणि तो मला फार आवडतो. कँटरबरीला उतरायचं आणि ‘क्रॅब अँड विंकल’ वाटेने व्हिट्स्टेबलला यायचं, साधारण १२ किलोमीटर. हा १८३० साली सुरू झालेला लोहमार्ग, जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रवासी मार्गांपैकी एक. चढ इतका होता की डबे स्थिर इंजिनाने दोर लावून ओढत. त्या इंजिनाला पाणी पुरवणारं तळं अजून रानात आहे. तिथे बाकं आहेत, जेवायला उत्तम जागा. अडचण एकच, कँटरबरीतून बाहेर पडताना खरा चढ आहे. सासऱ्यांना इलेक्ट्रिक सायकल भाड्याने घेणार असाल तर हा टप्पा करा. नाहीतर त्यांना थेट व्हिट्स्टेबलला गाडीने पाठवा, तिथे भेटा. मुलीला मात्र इलेक्ट्रिक सायकल देता येणार नाही. ब्रिटनमध्ये तिला वयाची अट १४ वर्षं आहे.

व्हिट्स्टेबल ते हर्न बे साधारण ८ किलोमीटर, बराचसा समुद्रालगत आणि सोपा. इथे खडू नाही, चिकणमाती आहे, म्हणून किनारा उभा नसून गवताळ उताराचा आहे. मुक्काम हर्न बेला करा.

दुसरा दिवस सगळ्यात महत्त्वाचा. हर्न बेमधून बाहेर पडताना गवताच्या टेकाडावर थोडा चढ आहे. तो संपला की रिकल्व्हरचे दोन बुरूज दिसू लागतात आणि बराच वेळ समोर राहतात. तिथे रोमनांचा किल्ला होता, तिसऱ्या शतकातला. त्याचा जवळजवळ अर्धा भाग समुद्राने नेला. किल्ल्याच्या आवारात सातव्या शतकात चर्च उभं राहिलं. समुद्र अगदी जवळ आला तेव्हा १८०९ मध्ये ते पाडलं. बुरूज मात्र जहाजांना दिशा दाखवतात म्हणून ट्रिनिटी हाउस या दीपगृहांच्या संस्थेने विकत घेऊन राखले. मुलीला हे तिथे उभं राहून सांगा, धूप म्हणजे काय ते तिला पुस्तकाशिवाय कळेल. बुरुजांच्या अलीकडे वालुकामय कड्यात मेमध्ये पाकोळ्यांची बिळं असतात. आफ्रिकेतून आलेले ते पक्षी सारखे आत-बाहेर करत असतात. कड्याच्या काठाशी जाऊ नका, लांबूनही छान दिसतात.

रिकल्व्हरनंतर मिनिस बेपर्यंत (हा बर्चिंग्टनचाच किनारा) सुमारे ६ किलोमीटर सरळ बंधारा. एकीकडे समुद्र, दुसरीकडे खोलगट ओली शेतं. ही शेतं म्हणजे एकेकाळची वॉन्ट्सम खाडी. थॅनेट हे खरोखरचं बेट होतं. खाडी गाळाने भरली आणि बेट मुख्य भूमीला चिकटलं. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राला उधाण आलं तेव्हा हाच बंधारा फुटला आणि मागचा लोहमार्ग पाण्याखाली गेला. त्यामुळे, आदल्याच वर्षी बंद केलेला क्रॅब अँड विंकल मार्ग काही आठवडे मालगाड्यांसाठी पुन्हा उघडावा लागला. म्हणजे तुम्ही पहिल्या दिवशी ज्या वाटेने आलात, तिला शेवटचं काम दुसऱ्या दिवशीच्या या बंधाऱ्याने दिलं.

या ६ किलोमीटरांत सावली, नळ, दुकान, आडोसा काहीच नाही. रिकल्व्हरला पाण्याच्या बाटल्या भरा. खायचं बरोबर ठेवा. सासरे शाकाहारी असतील तर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन निघा, किनाऱ्यावरच्या खानावळींत शाकाहाऱ्याच्या वाट्याला बटाट्याचे चिप्सच जास्त येतात. वादळानंतर लाटांनी बंधाऱ्यावर गोटे फेकलेले असतात. त्यातल्या फुटलेल्या गारगोटीची कड काचेसारखी धारदार असते आणि अरुंद टायर सहज चिरते. ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर घ्या, दोन जादा ट्यूब आणि पंप ठेवा, आणि गोट्यांचा थर दिसला की उतरून चाला.

मिनिस बे ओलांडून ग्रेनम बेकडे वळलात की खडू सुरू होतो, आणि तो अगदी ठळकपणे सुरू होतो. इथून मार्गेटपर्यंतचे ७-८ किलोमीटर म्हणजे तुम्ही विचारलेली वाट. तिथे एकदा थांबा आणि कडा जवळून बघा. खालचा हातभर उंचीचा भाग बहुतेक ठिकाणी बांधकामाने झाकलेला आहे, कुठे काँक्रीट, कुठे वीट. त्याच्या वर खडू, पण पुस्तकातल्यासारखा शुभ्र नाही. मळकट दुधी, त्यावर पाणी झिरपतं तिथे हिरवे ओघळ, भेगांतून उगवलेली पिवळी रानफुलं, कपारीत बसलेले फुल्मार पक्षी. बोट टेकवलं तर पांढरं होतं. मध्येच एखादा पट्टा लख्ख पांढरा दिसतो, म्हणजे तिथून अलीकडेच तुकडा निसटला आहे. कडा शुभ्र राहतो तो समुद्र त्याला सतत तासत असतो म्हणून. बंधाऱ्यामागे समुद्र पोचत नाही, त्यामुळे त्यावर हिरवळ धरते. तुम्हाला वाट मिळते ती यामुळेच, आणि त्या वाटेवरून दिसणारा कडा थोडा निस्तेज दिसतो तोही यामुळेच.

म्हणून कड्याला पाठ टेकून जेवायला बसू नका. पावसानंतर किंवा थंडीनंतर मुठीएवढे तुकडे पडतच असतात. वाटेच्या मधोमध चालवा. कारण दुसऱ्या बाजूला कठडा सगळीकडे नाही आणि ओहोटीला खालचा किनारा चांगला खोल असतो. मुलगी दोन मोठ्यांच्या मध्ये असू द्या. पाण्यात उतरणाऱ्या उतरंडीवर सायकल अजिबात घालू नका. त्यावरचं हिरवं शेवाळ आषाढातल्या जांभ्याच्या पायऱ्यांसारखं निसरडं असतं.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा. मार्गेटला उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरहून अधिक चढतं-उतरतं. शांत हवेत पूर्ण भरतीलाही वाट कोरडी असते, पण भरती आणि उत्तरेचा जोराचा वारा एकत्र आले की लाटा बंधाऱ्यावरून पलीकडे पडतात. अशा वेळी वर गावात चढा. ठिकठिकाणी कड्यातून वर जाणाऱ्या वाटा कापलेल्या आहेत. इथली माणसं त्यांना ‘गॅप’ म्हणतात.

वेळेबद्दल माझा आग्रह आहे. हा किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपारी कडा स्वतःच्याच सावलीत असतो आणि करडा दिसतो. मे-जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, म्हणून सकाळी लवकर आणि संध्याकाळी सहानंतर त्याच्यावर थेट ऊन येतं. तेव्हा तो सोनेरी होतो. शिवाय वाट चालणाऱ्यांचीही आहे, आणि उन्हाळ्यात काही भागांत दिवसाच्या गर्दीच्या वेळी सायकलवरून उतरून चालावं लागतं. तसे फलक लावलेले असतात, ते वाचा आणि पाळा. थॅनेटमध्ये सायकलला वाट मिळाली ती पायी चालणाऱ्यांनी सामावून घेतलं म्हणून. घंटी लांबूनच हळू वाजवा आणि म्हाताऱ्या माणसाजवळ, कुत्र्याजवळ वेग अगदी कमी करा. मी गटाला नेहमी सांगतो, सकाळी दहाच्या आत निम्मं अंतर, मग पोहणं आणि जेवण, उरलेलं संध्याकाळी.

दुसरा मुक्काम मार्गेटला. तिथे २०११ मध्ये उघडलेलं टर्नर कंटेम्पररी हे कलादालन समुद्रालाच लागून आहे. चित्रकार टर्नर या गावी वारंवार येत असे आणि त्याने इथलं आभाळ रंगवलं. मुलीला शेल ग्रोटो दाखवा, जमिनीखालच्या खडूत कोरलेल्या वाटा आणि भिंतींवर लाखो शिंपल्यांची नक्षी. १८३५ मध्ये ती सापडली, पण कुणी आणि कशासाठी केली याचा पत्ता अजून लागलेला नाही. थोडं पूर्वेला वॉलपोल बेचा १९३७ सालचा भरतीचा तलाव आहे. भरतीत समुद्र त्याला भरून जातो, ओहोटीला तो किनाऱ्यावर पाण्याने भरलेला उरतो. पाणी थंड असतं, मेमध्ये सासऱ्यांना फक्त पाय बुडवू द्या.

तिसऱ्या दिवशी मार्गेट ते रॅम्सगेट, साधारण १५ किलोमीटर. हा भाग पूर्ण मोटारमुक्त नाही, हे आधीच सांगतो. वॉलपोल बेवरून पुढे काही अंतर खालून जाता येतं, मग वर यावं लागतं. बॉटनी बेपर्यंत गवतातून वाट आहे, आणि किंग्जगेट ते ब्रॉडस्टेअर्स हा नॉर्थ फोरलंड दीपगृहाच्या बाजूने जाणारा तुकडा रस्त्याचा आहे. त्यावर थोडा चढही आहे. इथे मुलीला मोठ्यांच्या पुढे ठेवा आणि रस्ता अरुंद वाटला तर पदपथावरून सायकल हाती धरून चला.

तरीही हा दिवस गाळू नका. बॉटनी बेला सायकलींना कुलूप लावा आणि ओहोटीला पायी खाली उतरा. तिथे कड्यापासून सुटलेले खडूचे सुळके वाळूत उभे आहेत, किंग्जगेटला समुद्राने कड्यात कमान कोरली आहे. शुभ्र, ताजी, कोरीव. कारण तिथे समुद्र अजून कड्यापर्यंत पोचतो. आदल्या दिवशीची सरळ भिंत आणि हे सुळके एकाच दगडाचे आहेत, फरक फक्त बंधाऱ्याचा. भरती चढू लागली की परत वर या, त्या कमानीभोवती अडकण्यात अर्थ नाही.

ब्रॉडस्टेअर्सला चहा घ्या, पुढे रॅम्सगेटचं बंदर ४-५ किलोमीटर. पाय शाबूत असतील तर बंदरापुढे पेगवेल बेपर्यंत जा, तिथे कड्यावर ‘हुगिन’ नावाची व्हायकिंग नौकेची प्रतिकृती ठेवली आहे. १९४९ मध्ये ती डेन्मार्कहून समुद्रमार्गे आणली. खडू इथेच संपतो. जवळ थॅनेट पार्कवे हे २०२३ मध्ये सुरू झालेलं स्थानक आहे, तिथूनही लंडनची गाडी मिळते.

घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी सायकली साध्या पाण्याने धुवा, जोराच्या फवाऱ्याने नको. चेन पुसून तेल द्या. समुद्राचं मीठ दोन दिवसांत चेनवर गंज आणतं, आणि ओल्या खडूची पेस्ट ब्रेकमध्ये वाळली की खरवडून काढावी लागते. भाड्याच्या सायकली असतील तर ही कटकट नाही.

एकच दिवस मिळाला तर ब्राइटनला जा. ब्राइटन मरीनापासून सॉल्टडीनपर्यंत सुमारे ५ किलोमीटर कड्याखालून वाट आहे, १९३० च्या दशकात बांधलेल्या बंधाऱ्यावर. कडे थॅनेटपेक्षा उंच आणि रुबाबदार. दरड पडली की वाट बंद करतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. ओहोटीला तिथे पाण्यात काँक्रीटच्या ठोकळ्यांची रांग दिसते. १८९६ मध्ये समुद्रात रूळ टाकून उंच पायांवर चालणारी विजेची गाडी ब्राइटनहून रॉटिंगडीनला जात असे, तिचे ते अवशेष. १९०१ मध्ये ती बंद झाली.

फ्रान्सच्या नॉर्मंडीचा किनारा, ले आव्र ते ले त्रेपोर, याच खडूचा आणि याहून भव्य आहे. पण तिथे प्रत्येक गाव दरीत वसलं आहे, त्यामुळे दर थोड्या अंतरावर खाली उतरून पुन्हा शंभर मीटर चढावं लागतं, आणि कड्यावरची वाट फक्त चालणाऱ्यांसाठी आहे. न्यूहेवनहून बोटीने चार तासांत दिएपला पोचता येतं. तिथे आतल्या बाजूला जुन्या लोहमार्गावरची सपाट वाट फोर्ज-लेझो गावापर्यंत जाते. ती सुंदर आहे, पण तिच्यावरून कडे दिसत नाहीत. मुलगी चौदा-पंधराची झाली की त्या किनाऱ्याचा विचार करा.

तारखांचं म्हणाल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात इथल्या शाळांना सुट्टी असते आणि मार्गेट माणसांनी फुलून जातं. मुलीची शाळा बघता तोच आठवडा तुम्हाला सोयीचा पडणार. मग सोमवारची बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) सोडा, मंगळवारी सकाळची गर्दी ओसरल्यावर निघा, गुरुवारी संध्याकाळी परत या. हर्न बे आणि मार्गेटच्या खोल्या आत्ताच ठरवा, आणि सायकली आत ठेवायला जागा आहे का हे फोन करून विचारा. समुद्रकाठच्या जुन्या घरांत जिने अरुंद असतात, आणि सासऱ्यांची इलेक्ट्रिक सायकल जड असते.